हॉलोवेबाईंची नऊ कार्डं

रामदास गजभिये यांनी अमेरिका पाहिलेली नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. पण त्या देशातल्या एका आडबाजूच्या जिल्ह्यातली अकराशे घरं, दोनशे कोठारं, सव्वीस चर्चं आणि एक पाणचक्की त्यांना तोंडपाठ आहेत. कुठल्या घराचा जिना कुरकुरतो आणि कुठल्या अंगणातलं कुत्रं अंगावर येतं, हेही खुशाल विचारा. जिल्ह्याचं नाव मात्र विचारू नका. ते बाहेर सांगायचं नाही, अशी कंपनीनं त्यांच्याकडून सही घेतली आहे, आणि गजभिये सही केलेल्या कागदाला जागणारे गृहस्थ आहेत. तेव्हा आपणही त्याला नुसतं 'जिल्हा' म्हणू.

वय सत्तावन्न. राहणं कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीत 'लिफ्ट लवकरच सुरू होईल' अशी पाटी आहे आणि ती पाटी चार वर्षांची झाली. नोकरी हिंजवडीला. सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडायची, वाकडच्या पुलाखाली तासभर हॉर्न ऐकत बसायचं, कचेरीत पोचेपर्यंत मान आखडलेली असायची. संध्याकाळी तेच उलट्या दिशेनं. अशी अकरा वर्षं झाली. त्याआधी बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांमागच्या एका छापखान्यात ते मुद्रितं तपासत. छापखाना बंद पडला तेव्हा माणूस रिकामा झाला, पण डोळे तयार झालेले होते. ते डोळे कंपनीनं घेतले. आता मार्चअखेर निवृत्ती होती, आणि गजभिये दिवस मोजत होते म्हटलं तरी चालेल. त्यांच्या पत्नी हेमाताई महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ. त्या म्हणत, तुमच्यात आता चालू असा अवयव एकच उरलाय, आणि त्यालाही जाड भिंग लागतं.

काम काय, तर पन्नास वर्षांपूर्वी त्या जिल्ह्यात जुन्या इमारतींची पाहणी झाली होती. प्रत्येक इमारतीचं एक कार्ड, हातानं भरलेलं. मालक कोण, बांधली कधी, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, आज अवस्था काय, आणि खाली शेरा. तिकडच्या कार्यालयानं त्या कार्डांचे फोटो पुण्याला धाडले. इथली पोरं ती वाचून संगणकात भरत आणि भरलेलं बरोबर आहे की नाही हे गजभिये तपासत. पदाचं नाव क्वालिटी चेकर. छापखान्यात यालाच मुद्रितशोधक म्हणत आणि चहा फुकट देत.

बहुतेक सगळी कार्डं एकाच बाईंनी भरलेली. सही 'मिसेस हॉलोवे'. कचेरीत सगळे त्यांना हॉलोवेबाई म्हणत, जणू शेजारच्या बाकावर बसतात. अक्षर तिरकं, घाईचं, पण बाई नजरेच्या पक्क्या. एका कार्डावर शेरा होता: धुराडं शाबूत, ओसरी पडली, मालक गप्पिष्ट, दुपार गेली. दुसऱ्यावर: उत्तम दगडी काम, माणसं दारात उभी करत नाहीत. गजभियेंना ही बाई फार आवडायची. इतक्या वर्षांत साहेबलोकांपैकी कुणाशी त्यांचं जमलं असेल तर ते या न पाहिलेल्या, बहुधा केव्हाच वारलेल्या बाईंशी.

आता संगणकातल्या कार्डाला शेवटचा एक रकाना नव्यानं घातलेला होता, 'वस्ती' असा. जिल्ह्याला जुन्या वस्त्यांचा नकाशा करायचा होता. त्यांनी एकतीस वस्त्यांच्या नावांची यादी पाठवली होती. प्रत्येक इमारत त्यांतल्या एखाद्या वस्तीत बसवायची. बसली नाही तर 'वस्ती नाही' असं भरायचं. आणि एक कलम असं होतं की जी इमारत पडून गेलीय आणि जिच्या पुढे 'वस्ती नाही' आहे, ती नकाशावर येणार नाही. पडलेली घरं एकेकटी कुठं दाखवत बसायची, असा त्यांचा हिशेब असावा. दुसरं कलम कंपनीचं: जे वाचता येत नाही त्याला 'वाचता येत नाही' असंच लिहायचं, अंदाज बांधायचा नाही. हे दुसरं कलम गजभियेंनी अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नव्हतं. नव्या पोरांना ते हे कलम असं शिकवत की पोरं जांभया द्यायची.

ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारच्या जेवणानंतर, डोळे मिटायला आलेले असताना, एकापाठोपाठ सात कार्डं आली. ती भरली होती सुरुचीनं. ही चोवीस वर्षांची मुलगी, नीट काम करणारी, त्यांच्या हाताखाली तयार झालेली. सातही घरं एका गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे, सखल भागात. रस्त्यापासून लांब. गावात चर्च असताना यांचं चर्च वेगळं. झरा वेगळा. दफनभूमीसुद्धा वेगळी. आणि यादीतलं एकही नाव त्या कार्डांवर सापडत नव्हतं, म्हणून सुरुचीनं सातांपुढे 'वस्ती नाही' भरलेलं.

गजभियेंची झोपच उडाली. पूर्वेला, सखल भागात, पाणी वेगळं, मढीही वेगळी. अहो, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं का? वैनगंगेच्या काठच्या ज्या गावात ते जन्मले, तिथंही त्यांची वस्ती गावाच्या पूर्वेलाच होती. वारा पश्चिमेकडून येतो, तो आधी गावावरून जावा आणि मग यांच्यावरून, यांच्यावरून आलेला वारा गावाला लागू नये, म्हणून. वडील छप्पन्न साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले, वस्तीला बौद्धवाडा म्हणायचं असं ठरलं, पण गाव जुन्याच नावानं हाका मारत राहिलं. गजभिये दहावीत असताना पंचायतीच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवला गेला. देऊळ, शाळा, पाटलाचा मळा, सगळं होतं. पूर्वेला चार हिरवी झाडं काढली होती. तिथं त्यांची चाळीस घरं होती.

ही गोष्ट त्यांनी कचेरीत कधी कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशीही सांगितली नाही. सरळ उठून अभयकडे गेले. अभय त्यांचा टीम लीड, तिशीचा, कोथरूडचाच, बसमध्ये कानात इअरफोनची बोंडं घालून त्यांच्या पुढच्या सीटवर बसणारा. गजभियेंनी सांगितलं की ही सात घरं म्हणजे वेगळी वस्ती आहे, गावानं बाहेर ठेवलेल्या लोकांची, बहुधा गुलामी सुटल्यावर येऊन राहिलेल्या कृष्णवर्णीयांची. यादीत तिचं नाव नाही, तेव्हा जिल्ह्याला विचारलं पाहिजे. अभय म्हणाला, काका, क्वेरी रेज केली की सगळी बॅच होल्डवर जाते, आपलं काम कार्डावर आहे ते भरणं, हिस्ट्री शोधणं नाही. तसं पाहिलं तर त्याचं बरोबर होतं. गजभियेंनी हेच वाक्य शंभर पोरांना ऐकवलेलं होतं.

पण ते हलले नाहीत. अकरा वर्षांत ज्या माणसानं एसीची हवा मानेवर येते एवढीसुद्धा तक्रार केली नाही, तो तासभर टेबलापाशी उभा राहिला म्हटल्यावर अभय वरमला. शेवटी म्हणाला, पाठवतो, पण बाकीची बॅच आजच्या आज क्लिअर करून द्या.

गजभिये जागेवर आले. अंगात विशीतलं बळ आल्यासारखं झालं होतं. क्वेरीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, तीनदा खोडून लिहिला. त्यात दीड तास गेला. उरलेल्या वेळात उरलेली कार्डं उरकली. त्यांत गावाच्या पश्चिमेच्या डोंगरावरची नऊ कार्डं होती. बांधकाम काही नाही, दगडांचा ढीग. देवदाराची दोन झाडं. बांधकाम काही नाही, पायरीचा एक दगड. झाडं. एका कार्डावर शेरा होता की इथले म्हातारे या जागेला अमुक म्हणतात, आणि त्या अमुकवर नेमका पाण्याचा थेंब पडून शाई पसरलेली. गजभियेंनी नऊ कार्डं वीस मिनिटांत हातावेगळी केली. पोरांनी भरलेलं तसंच पुढे: वस्ती नाही, वस्ती नाही, वस्ती नाही. सही केली, बॅच बंद झाली, आणि ते धापा टाकत बसपाशी पोचले.

पुढचे सात आठवडे त्यांनी उत्तराची वाट पाहिली. रोज सकाळी आल्या आल्या अभयकडे बघायचे, अभय मान हलवायचा. हेमाताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, मुलीच्या निकालालासुद्धा तुम्ही एवढे कासावीस झाला नव्हतात. खरंच नव्हते झाले. जाता जाता एक तरी वस्ती आपल्या हातानं नकाशावर यावी, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं होतं. कुणाला सांगायला नको, कुणी शाल-श्रीफळ द्यायला नको.

डिसेंबरात उत्तर आलं. लांबलचक, अदबशीर. तिकडच्या कार्यालयातल्या ज्या गृहस्थानं लिहिलं होतं, त्याला जुन्या घरांचं वेड असावं. त्यानं आधी आभार मानले आणि मग लिहिलं की पूर्वेची ती सात घरं जिल्ह्यात सगळ्यांत आधी आलेल्या गोऱ्या कुटुंबांची आहेत. ओढ्याकाठची काळी कसदार जमीन त्यांनी पहिल्या दिवशीच धरली. त्यांचं चर्च वेगळं, कारण ते जिल्ह्यातलं पहिलं चर्च. पुढे रेल्वे आली तसं गाव रेल्वेकडे सरकलं आणि ही मूळ घरं मागे राहिली. त्या वस्तीचं जुनं नाव यादीत तेराव्या क्रमांकावर आहे, तेवढं भरावं.

गजभियेंना हसू आलं, तेही कडवट. आयुष्यभर ज्या दिशेची अढी मनात धरली, ती तिथं पाटलांची निघाली होती.

पण पत्र तिथं संपत नव्हतं. खाली त्या गृहस्थानं लिहिलं होतं: तुम्ही ज्या लोकांविषयी विचारता आहात, त्यांना आम्हीही शोधतो आहोत. गुलामी सुटल्यावर नऊ-दहा कृष्णवर्णीय कुटुंबं इथं आली. खालची जमीन त्यांना कुणी दिली नाही. ती पश्चिमेच्या डोंगरावर कुठंतरी राहिली असं ऐकिवात आहे, पण कागद एकही नाही. ते लोक थडग्यांवर दगड उभा करत नसत, देवदार लावत. त्यांच्यातली एक नव्वदीची आजी दर वर्षी आमच्या कार्यालयात येऊन विचारते, माझ्या माणसांचं काही सापडलं का. मिसेस हॉलोवेंच्या कार्डांत काही दिसलं तर जरूर कळवा.

गजभियेंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि हातात धरून बसून राहिले. सुरुचीनं विचारलं, काका, बरं वाटत नाही का? देवदार. वीस मिनिटं. नऊ कार्डं. पंचायतीच्या भिंतीवर ज्यानं ती चार झाडं रंगवली, त्या पेंटरला त्यांनी चाळीस वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. तो बिचारा निदान कुणीतरी सांगितलं तसं रंगवत असेल. यांना तर कुणी सांगितलंही नव्हतं. यांना घाई होती.

त्या संध्याकाळी तीन जिने चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. हेमाताईंनी जेवायला वाढलं, त्यांनी भात नुसता चिवडला. मग सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हेमा, मीही तेच केलं गं."

हेमाताईंनी ताट बाजूला सरकवलं. एरवी त्यांच्या जिभेवर काहीतरी तयार असायचं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "मग पुसून टाका. जिवंत आहात अजून."

पुसणं सोपं नव्हतं. बंद झालेली बॅच उघडायची तर कुणाची तरी चूक नोंदवावी लागते, आणि चेकरच्या नावावर एका बॅचमध्ये पाचाहून जास्त चुका लागल्या की नियमानं त्याचं तपासणीचं काम काढून घेतात आणि त्याला पुन्हा भरणाऱ्यांच्या रांगेत बसवतात. अभय वाईट मुलगा नव्हता. तो त्यांना पँट्रीत घेऊन गेला, चहा दिला, आणि म्हणाला की तीन महिने राहिलेत, सर्टिफिकेटवर 'सीनियर चेकर' असं येऊ दे, कशाला उगाच. हवं तर त्या लोकांना आपण मोघम कळवू की काही आढळलं नाही. कुणाला कळणार आहे?

"चुका नऊ आहेत," गजभिये म्हणाले. "नऊही माझ्या नावावर लिहा. आणि बॅच उघडून द्या."

अभय चहाचा कप न संपवताच बॅच उघडायला उठला.

जानेवारीपासून गजभिये भरणाऱ्यांच्या रांगेत बसू लागले, खिडकीपासून लांब, एसीच्या बरोब्बर खाली. चेकरची जागा सुरुचीला मिळाली. पहिल्या दिवशी ती पोरगी इतकी कानकोंडी झाली होती की शेवटी त्यांनीच तिला सांगितलं, माझी कार्डं तपासताना हात आखडता घ्यायचा नाही, नाहीतर मी शिकवलेलं फुकट गेलं. ती हसली खरी, पण डोळे पुसायला आत निघून गेली.

ती नऊ कार्डं त्यांनी नव्यानं भरायला घेतली. या खेपेला एकेक कार्ड वीस मिनिटं. पसरलेल्या शाईचा शब्द त्यांनी मोठा करून पाहिला, उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. पहिलं अक्षर कळत होतं, शेवटचं कळल्यासारखं वाटत होतं, मधे नुसता डाग. चार-पाच नावं त्यात बसवता आली असती. एक तर इतकं गोड बसत होतं की त्यांचा हात कळफलकावर गेलाही. जेवायची सुट्टी झाली, संपली. नाव हाताशी आलं की वस्ती यादीत बसेल, बत्तिसावी म्हणून. पण कुणाच्या तरी आजोळाला आपण पुण्यात बसून अंदाजानं नाव ठेवायचं? त्यांनी हात मागे घेतला आणि रकान्यात भरलं: नाव वाचता येत नाही. थोडं थांबून पुढं आणखी दोन शब्द भरले: वस्ती आहे. वस्ती एकच, म्हणून तेच नऊ वेळा.

तासाभरानं सुरुची त्यांच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा ओढलेला होता. त्यांनीच शिकवलेलं कलम आता तिला त्यांना ऐकवायचं होतं.

"काका, 'वाचता येत नाही' हे ठीक आहे. पण 'वस्ती आहे' असं कार्डावर कुठं लिहिलंय?"

गजभियेंनी तिला खुर्ची ओढून दिली आणि नऊही कार्डं शेजारी शेजारी लावली. मग कोपऱ्यातल्या तारखांवर बोट ठेवत गेले. एप्रिलची चार तारीख. अकरा एप्रिल. अठरा. मग मे. मग उन्हाळा गेल्यावर सप्टेंबर. नऊ कार्डं, नऊ वेगळे दिवस. एका दिवसात पंधरा पंधरा घरं उरकणाऱ्या बाई या ओसाड डोंगरावर पुन्हा पुन्हा येत राहिल्या होत्या. एका कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात होतं: गुडघा दुखतो, चढ वाईट. तरी त्यानंतरच्या तारखेची तीन कार्डं होतीच.

"दगडांच्या ढिगाऱ्यासाठी कुणी नऊ वेळा डोंगर चढत नाही, सुरुची," ते म्हणाले. "एका नावापलीकडे बाईंना कुणी काही सांगत नव्हतं, म्हणून त्या घरं मोजत होत्या."

सुरुचीनं तारखा पुन्हा पाहिल्या. आपल्या जागी गेली आणि नऊ कार्डं एकेक करून मंजूर केली. अभयला ते नंतर कळलं. त्यानं विचारलं नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

मार्चअखेर गजभिये निवृत्त झाले. सर्टिफिकेटवर 'डेटा ऑपरेटर' असं आलं. केक कापला, सगळ्यांनी फोटो काढले, बस नेहमीसारखी वाकडला अडकली. नंतरचे दोन महिने ते नुसते झोपले. सकाळी पावणेसातला जाग यायची, मग आठवायचं की कुठं जायचं नाहीये, आणि ते कूस वळवायचे. अकरा वर्षांचा शीण असा दोन महिन्यांत जात नाही, पण त्यांनी प्रयत्न सोडला नाही.

जूनमध्ये एका दुपारी सुरुचीचा फोन आला. जिल्ह्याचा नकाशा आला होता. तिनं सांगितलं की पश्चिमेच्या डोंगरावर ठिपके आहेत. नाव छापलेलं नाही, बाजूला बारीक अक्षरात 'वस्ती, नाव अज्ञात' एवढंच आहे. आणि त्या गृहस्थानं लिहिलंय की नव्वदीच्या आजींना गाडीत घालून त्यांनी डोंगरावर नेलं. त्या देवदाराखाली बसल्या होत्या, उठायलाच तयार नव्हत्या. नाव त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, आमचं घर यांतलं कुठलं?

गजभियेंनी तिला ठिपके मोजायला सांगितले. तिनं मोजले. नऊ. त्यांनी पुन्हा मोजायला सांगितले. तिनं पुन्हा मोजले, आढेवेढे न घेता. नऊच होते.

फोन ठेवून ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. हेमाताई आतून पदराला हात पुसत आल्या. गजभियेंचे भरलेले डोळे पाहून दारातच थांबल्या आणि कुणाचा फोन होता म्हणून विचारलं.

"गावाकडचा," गजभिये म्हणाले.

गावाकडे त्यांचं आता कुणीच उरलं नव्हतं, हे हेमाताईंना ठाऊक होतं. त्या त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.